ताईचा अर्धा पडदा

आमच्या लाँड्रीत गिऱ्हाइकांना बसायला एक बाक आहे आणि बाकाशेजारी खेळाचं एक उभं मशीन आहे, कपाटाएवढं. एक कँटीन बंद पडत होतं, तिथून वडिलांनी ते उचलून आणलं. तेव्हा आईने त्यांना विचारलं होतं, की घरात दोन पोरी आहेत, आता हे तिसरं कुठे झोपवायचं? वडील म्हणाले, कपडे न्यायला आलेल्या माणसाचा जरा वेळ जाईल. वेळ गेला तो माझ्या ताईचा. गिऱ्हाइकाला मशीनला हात लावायला मिळाला तर त्याचं नशीब.

खेळ तसा साधा आहे. पडद्यावर एक भुलभुलैया, त्याच्या सगळ्या वाटांवर ठिपके पेरलेले, आणि त्यात एक गोल पिवळा प्राणी, ज्याला तोंड सोडून दुसरा अवयवच नाही. आम्ही त्याला खादाड म्हणायचो. सगळे ठिपके खाल्ले की पुढचा पडदा येतो. पण मागे चार भुतं लागलेली असतात. कोपऱ्यातला मोठा ठिपका खाल्ला, की भुतं थोडा वेळ निळी पडून पळत सुटतात आणि खादाड त्यांच्या मागे लागतो. भुलभुलैयाच्या दोन्ही कडांना एकेक बोळ आहे. उजवीकडच्या बोळात शिरलं की डावीकडच्या बोळातून बाहेर. बोळात भुतांची चाल मंदावते, खादाडाची नाही, म्हणून जिवावर बेतलं की बोळ गाठायचा.

माझ्यासारखीला यात भुतं म्हणजे भुतं. ताईचं तसं नव्हतं. ती म्हणायची, चौघांचे चार स्वभाव आहेत, ते ओळखले की निम्मं काम झालं. लाल भुताचं नाव तिने शेपूट ठेवलं होतं, कारण ते कायम पाठीला चिकटलेलं असायचं आणि ठिपके संपत आले की त्याच्या अंगात यायचं. गुलाबी ते आगाऊ. आपण कुठे निघालोय ते ओळखून आधीच तिथे जाऊन बसायचं. त्याच्या तोंडावर सरळ चालून गेलं, तर तेच वाट बदलायचं. फिकट निळं ते लहरी, त्याचं काही खरं नसायचं. आणि नारिंगी भूत मोठ्या तावातावाने अंगावर यायचं, पण अगदी जवळ आलं की घाबरून कोपऱ्यात पळायचं. त्याला ताईने माझं नाव दिलं होतं. म्हणे भांडण काढायला मी पुढे आणि भांडण पेटलं की न्हाणीघरात. हे साफ खोटं आहे. मी कुठल्याही भांडणात शेवटपर्यंत असते, अख्ख्या गल्लीला विचारा.

तिच्या विद्येचा खरा उपयोग दुकानाला झाला. भुलभुलैयात एक वळण असं आहे, की भुतांची नजर चुकवून खादाडाला तिथे तोंड वर करून उभं केलं, तर चौघंही आजूबाजूने गिरक्या घालत राहतात, पण त्याला कोणी शिवत नाही. ताई त्याला तिथे ठेवून काउंटरवर यायची. गिऱ्हाइकाचा कोट उलटासुलटा करून डाग बघायची, हा चहाचा आहे की गंजाचा ते विचारायची, पावती फाडायची, आणि परत जाऊन खादाडाला वळवायची दांडी हातात घ्यायची. लोकांना वाटायचं मशीन अडकलंय. एक मास्तर तर त्याला थापटी मारायला निघाले होते. ताईने काउंटरवरून अशी काही हाक मारली, की त्यांनी हात खिशात घातला तो कपडे मिळेपर्यंत बाहेर काढला नाही.

मग आईवडील गेले. ताईचं लग्न झालं, एक मुलगा झाला, नवरा लवकर गेला, आणि ती मुलाला कडेवर घेऊन परत दुकानावर राहायला आली. मी कुठे गेलेच नव्हते. मागे दोन खोल्या, पुढे दुकान, असा आम्ही दोघींनी जन्म काढला. मुलगा शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला. ताई वाफेच्या प्रेसवर आणि मी तोंडाने, अशी कामाची वाटणी होती, असं ती म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात ताईला झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी. जीव वाचला, बोलणं वाचलं. डावा हात लुळा पडला होता, तोही हळूहळू हलायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. आणि मग लक्षात आलं, की ताईची डावी बाजूच हरवली आहे.

म्हणजे डोळे ठणठणीत होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की डावीकडचं तिला दिसतं, पण तिथे काही आहे याची मेंदू दखलच घेत नाही. ती ताटातलं उजवीकडचं जेवायची आणि माझ्यावर चिडायची, की हात का आखडतेस, वाढ की अजून. मी ताट फिरवून ठेवायची. मग म्हणायची, आता कसं. केस विंचरले तर उजवीकडचे. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा आणि ती चौकटीला शिव्या घालायची. सगळ्यात वाईट म्हणजे आपलं काही हरवलंय, हेच तिला माहीत नव्हतं. मी समजवायला गेले की माझ्याकडेच कीव केल्यासारखी बघायची.

मी काय केलं, तर सगळं घर तिच्या उजवीकडे आणलं. पलंग फिरवला, म्हणजे दार उजवीकडे येईल. चहा उजवीकडे, चष्मा उजवीकडे, रेडिओ उजवीकडे. बोलायचं असलं तर मी वळसा घालून तिच्या उजवीकडे जायची. गिऱ्हाइकांनासुद्धा सांगून ठेवलं होतं, की ताईला विचारायचं असेल तर या बाजूने या. माझी मीच पाठ थोपटायची. बहिणीला काही कमी पडू दिलं नाही.

ताईचा मुलगा भेटायला आला, तेव्हा ती प्रेसजवळ खुर्चीवर बसून बटणं लावत होती. मी काउंटरवर होते. जळका वास आला. मी वळून बघितलं तर ताईच्या डाव्या बाहीतून धूर निघत होता. कोपर प्रेसच्या गरम पत्र्याला टेकलं होतं आणि ताई उजवीकडे मान करकरून मला विचारत होती, "अगं, काय जळतंय बघ ना! लक्ष कुठे असतं तुझं?"

भाजलं थोडक्यात. पण माझ्या भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टी वगैरे झाल्यावर तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला.

"मावशी, मी आईला घेऊन जातो."

"का? इथे मी मेले का?"

"तू दिवसभर दुकानात असतेस. मी तिथे पूर्ण वेळ बाई ठेवीन."

"बाईला काय कळणार आहे तिचं?"

"बाईला काही कळायला नकोय. तिचा हात जळत नाहीये ना, एवढंच बघायचंय."

यावर मला बोलता आलं नाही, आणि मला बोलता येत नाही म्हणजे समोरचा खरं बोलतोय. पोरगा वाईट नाही, तेच तर. वाईट असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. शेवटी ठरलं ते असं, की रुग्णालयातली थेरपीची मुलगी घरी येऊन ताईकडून व्यायाम करून घेईल. उन्हाळ्यात तो परत येईल. तोवर ताई आपणहून, कोणी न सांगता डावीकडे बघायला लागली तर ठीक. नाहीतर तिचं सामान बांधायचं. थेरपीच्या मुलीनेच त्याला फोनवर सांगितलं होतं, की हीच खरी खूण आहे. कोणी सांगितल्यावर बघणं वेगळं, आपणहून बघणं वेगळं.

ताई गेली तर मी काय करणार, याचा विचार मी करायला बसायची आणि उठायची. मला एकटीचा स्वयंपाक किती करायचा हेसुद्धा माहीत नाही. मी दिवसभर जे बोलते ते कोणाशी बोलायचं?

ताईला मी विचारलं, "तुला जायचंय का त्याच्याकडे?"

"मला काय धाड भरलीये?" ताई म्हणाली. "जाऊ की कधीतरी, चार दिवस."

तिचं मन रमावं म्हणून एका दुपारी, दुकान बंद असताना, मी तिला मशीनसमोर बसवलं. उजवा हात शाबूत होता. दांडी हातात आल्याबरोबर तिचा चेहरा असा काही उजळला, की मी पदराने नाक पुसलं आणि सर्दी झाली असं तिला सांगितलं. आणि तिचा हात! वळण यायच्या आधीच दांडी वळवून ठेवायची तिची जुनी सवय तशीच होती. त्याने खादाड कोपऱ्यात जराही अडखळत नाही. शेपटाला तिने दोनदा झुकांडी दिली. मी टाळ्या वाजवल्या.

पडद्याचा उजवा अर्धा भाग तिने चाटूनपुसून साफ केला. मग खादाड त्याच रिकाम्या वाटांवर फिरायला लागला. वर गेला, खाली आला, परत वर गेला. डावीकडे सगळे ठिपके जसेच्या तसे.

"झाला की पडदा," ताई म्हणाली. "पुढचा का येत नाही?"

मी डावीकडच्या ठिपक्यांकडे बघत राहिले.

"बिघडलंय हे. झाले ना सगळे ठिपके, मग?" तिने मशीनला हाताने थापटी मारली, ज्या थापटीवरून मास्तरांचा उद्धार झाला होता ती. तेवढ्यात डावीकडून आगाऊ आलं आणि खादाडाला खाऊन टाकलं. ताई दचकली.

"हे कुठून उगवलं? पूर्वी असं नव्हतं हं. हे कोणीतरी बदललंय."

फार पूर्वी तिने मला सांगितलं होतं, की या खेळात खूप खूप पुढे गेलं की मशीनचीच मोजदाद संपते, आणि मग पडद्याच्या अर्ध्या भागात अक्षरांचा आणि रंगांचा नुसता कचरा येतो. तिने तो पडदा एकदा पाहिला होता. तिथे निदान कचरा तरी दिसतो, माणसाला कळतं की इथे काहीतरी मोडलंय. ताईला कचरासुद्धा दिसत नव्हता. तिच्या लेखी जग तेवढंच होतं आणि ते झाडूनपुसून स्वच्छ झालं होतं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी उजवीकडून जाऊन मारली. "झालं काय तुला आज?" असं म्हणून तिने मला ढकललं.

थेरपीची मुलगी आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. मला वाटलं ती हळहळेल. ती उडीच मारायची बाकी राहिली.

"मावशी, हे रोज खेळू द्या त्यांना! मी कागदावर रेघा मारायला देते त्याचा त्यांना कंटाळा येतो. हे तर त्या जीव तोडून खेळतात."

तिने दुकानात नजर फिरवली आणि आम्ही गठ्ठ्यांना बांधतो ती लाल पट्टी कापून पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवली. ताईला म्हणाली, "मोठ्या मावशी, ही लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची. पट्टी दिसली म्हणजे पडदा संपला. त्याच्या आधी संपत नाही."

मग ती घर बघायला मागे गेली आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली.

"सगळं उजवीकडे कोणी ठेवलं?"

"मी!" मी छाती काढून म्हणाले.

तिने फार हळू आवाजात मला सांगितलं, की याने ताईला डावीकडे बघायची गरजच उरली नाही. सगळं आयतं उजवीकडे मिळतंय, तर मेंदू कशाला त्रास घेईल? चहा डावीकडे ठेवायचा. पलंग पुन्हा फिरवायचा. आणि तुम्ही, मावशी, तुम्ही डावीकडे बसायचं.

मला इतका राग आला, की मी तिला चहासुद्धा विचारला नाही. कालची पोर, आणि माझ्या बहिणीला मला तहानलेली ठेवायला सांगते. रात्री विचार केला, सकाळी पलंग फिरवला.

ते दिवस मी कोणाला सांगत नाही. ताई म्हणायची, माझा चहा कुठे पळवलास, आणि चहा तिच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर वाफाळत असायचा. ती शोधायची, चिडायची, एकदा रडली. मी ओठ चावून बसायची. चहा गार झाला की नवा करून परत डावीकडे ठेवायची.

खेळात मात्र प्रगती होती. पट्टीचा उपयोग झालाच, पण खरं काम केलं बोळाने. शेपूट मागे लागलं की ताईचा हात आपोआप उजव्या बोळाकडे जायचा. खादाड उजव्या कडेने नाहीसा व्हायचा. तो पलीकडून निघतो, हे ताईला माहीत होतं, डोक्यात नसेल तर हाडांत होतं. पहिले काही दिवस तो गेला की ती त्याची तिथेच वाट बघत बसायची आणि पलीकडे भुतं त्याचा फडशा पाडायची. मग एकदा तिची मान हलली. हळूहळू, गंजलेल्या दारासारखी, डावीकडे गेली आणि खादाड तिला सापडला. "हा काय, इथे आहे," ती म्हणाली, जणू तो रोजच तिथे असतो.

त्यानंतर माझ्या जिभेला बांध राहिला नाही. "ताई, डावीकडे! ताई, वरून लहरी आलं! खाली घे, डावीकडे ठिपके राहिलेत!" मी ओरडायची आणि ती वळायची. पडदे साफ व्हायला लागले. मी भाच्याला फोन करून सांगितलं, की तुझी आई आता अख्खा पडदा खाते, तिकीट एकाचंच काढ.

थेरपीच्या मुलीने एक डाव उभ्याने बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"मावशी, हा डाव तुम्ही खेळलात."

"मी? मी तर हातही लावला नाही."

"त्या तुमच्या आवाजावर खेळतात. त्यांची डावी बाजू तुम्ही झालाय. तुम्ही बोलायचं थांबवा."

"किती वेळ?"

"त्या आपणहून बघेपर्यंत."

लोक मला हसतील, पण आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं. ताईच्या डाव्या बाजूला एक स्टूल ठेवलं. ती खेळायला बसली की मी तोंडाला कुलूप लावून स्टुलावर बसायची. डावीकडून भुतं यायची, खादाड मरायचा, मी पाहत राहायची. माझ्या डोळ्यांसमोर माझी बहीण हरायची आणि मला एक शब्द बोलायची परवानगी नाही. एकदा तर मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता ते निराळंच होतं. मी बोलत नव्हते, आणि डावीकडे होते. म्हणजे ताईच्या लेखी मी नव्हतेच. तिचा श्वास मला ऐकू यायचा इतकी मी जवळ असायची, आणि ती फोनवर मुलाला सांगायची, "मावशी ना? ती हल्ली माझ्याजवळ बसतच नाही बघ. कुठे जाते कोण जाणे. कंटाळली असेल माझं करून." मी शेजारी बसून हे ऐकायची. एकदा हात पुढे गेला होता माझा, तिच्या खांद्यावर ठेवायला. मी तो मागे घेतला. त्या दिवशी प्रेसवर मी एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला आणि वर त्याच्याशीच भांडले.

चहा मात्र ती अधूनमधून शोधायला लागली होती. खांदा चौकटीवर कमी आपटायचा. थेरपीची मुलगी म्हणायची, होतंय, होतंय. पण कोणी न सांगता, पट्टी नसताना, कशाचीही आठवण करून न देता तिने आपणहून मान वळवली, असं एकदाही झालं नव्हतं. उन्हाळा आला.

भाचा आला तो रिकामी मोठी बॅग घेऊनच आला. ती बॅग त्याने बाकाखाली सरकवली, मला दिसू नये म्हणून. मला तीच सगळ्यात आधी दिसली. जेवणं झाली. ताईचं ताट पाऊण संपलं होतं. त्याने ते पाहिलं.

"आई, खेळतेस का? मावशी म्हणते तू लय भारी खेळतेस."

"मावशीला दुसरं काय काम आहे?" ताई म्हणाली. पण उठली.

तिला बसवल्यावर त्याने पडद्याची लाल पट्टी सोलून काढली आणि बोटाला गुंडाळली. "काढलीस का?" मी म्हणाले. त्याने ओठांवर बोट ठेवलं. "तसंच बघायचं ठरलंय ना, मावशी," तो हळूच म्हणाला, आणि ताईच्या मागे जाऊन उभा राहिला. मी माझ्या स्टुलावर बसले.

ताई खेळायला लागली. डावात खादाडाला तीन जीव मिळतात, त्यातला पहिला लवकर गेला, डावीकडून आलेल्या आगाऊने घेतला. दुसरा चांगला चालला. उजवीकडचे ठिपके संपले, शेपूट मागे लागलं, ती बोळात शिरली, मान वळली, पलीकडे पोचली. डावीकडचे वरचे ठिपके तिने खाल्ले. मी मनातल्या मनात इतकं ओरडत होते की माझा घसा दुखायला लागला. मग खादाड पुन्हा उजवीकडे गेला आणि तिथल्या रिकाम्या वाटांवर फिरायला लागला. वर, खाली, वर. मला ते बघवेना. लहरीने दुसरा जीव घेतला.

शेवटचा जीव. डावीकडे खाली अगदी थोडे ठिपके उरले होते. शेपटाच्या अंगात आलं होतं. ताईने खादाडाला बोळातून काढलं, पलीकडे गेली, खाली वळली. आगाऊच्या तोंडावर सरळ चालून गेली आणि आगाऊने वाट सोडली. आता समोर ते ठिपके होते, सरळ रेषेत, मध्ये कोणी नव्हतं. मागे फक्त शेपूट. भाचा पुढे वाकला होता. नुसती दांडी धरून ठेवायची होती.

आणि ताईने पडद्यावरून नजर काढली.

पडद्याच्या डाव्या कडेपर्यंत तिची मान आधीच आली होती. ती तिथे थांबली नाही. कडेच्या पुढे आली, मशीनच्या पुढे आली, आणखी वळली. खांदासुद्धा वळला. दांडी सुटली. पडद्यावर शेपटाने खादाडाला गाठलं आणि खेळ संपल्याचं ते रडकं संगीत वाजलं.

"अगं समोर बघ ना!" माझ्या तोंडून निघून गेलं. "गेला ना! एवढे चारच ठिपके राहिले होते, समोर बघायचं सोडून काय..."

आणि मी थांबले, कारण ताई माझ्याकडे बघत होती. थेट माझ्याकडे, स्टुलावर, तिच्या डाव्या बाजूला. झटका आल्यापासून त्या बाजूने तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"इथे आहेस होय," ताई म्हणाली. "तुझा आवाज येत नव्हता कधीचा. म्हटलं बघावं, हिला झालंय काय."

भाचा मागे उभा होता. त्याने तोंडावर हात धरला होता आणि ती लाल पट्टी त्याच्या बोटांतून खाली लोंबत होती. कोणी काही सांगितलं नव्हतं. पट्टी नव्हती. ती हरली होती आणि तिने आपणहून डावीकडे बघितलं होतं.

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

ताईने उजवा हात आडवा आणून माझी हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला, डाग बघण्यासाठी कोट वळवायची तसा. बराच वेळ बघत राहिली.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "तुझ्याकडे कोणी बघत नाही वाटतं?"